तळघरातला होम स्टुडिओ: आधी खालचे सूर, मग बाकी सगळं

तळघरात स्टुडिओ करायचं ठरलं की पहिली खरेदी बहुतेक वेळा काळ्या फोमची होते. इंचभर जाडीचे, टोकदार उंचवट्यांचे तुकडे चारही भिंतींना चिकटवले जातात. खोली स्टुडिओसारखी दिसू लागते, टाळी वाजवली तर घुमत नाही, आणि काम झालं असं वाटतं. पण त्या खोलीत केलेलं मिक्स बाहेर कुठेही ऐकलं की बास एकतर गायब असतो नाहीतर अंगावर येतो. कारण पातळ फोमने फक्त वरचे सूर शोषले, खालचे जसेच्या तसे खोलीत फिरत राहिले. उलट वरचे गेल्यामुळे खालचे आणखी उघडे पडले. तळघरात ही चूक इतर कुठल्याही खोलीपेक्षा जास्त महागात पडते. असं का होतं, ते आधी समजून घेऊ.

जिप्सम बोर्डाची पार्टिशन असलेल्या खोलीत खालच्या सुरांची बरीच ऊर्जा भिंत थरथरवण्यात आणि पलीकडे निसटण्यात संपते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला त्याचा त्रास होतो, पण आतला बास थोडा हलका होतो. तळघराच्या भिंती जाड काँक्रीटच्या किंवा दगडी असतात आणि त्यांच्यामागे माती असते. अशी भिंत हलत नाही, आवाज पलीकडे जाऊ देत नाही, आलेली जवळजवळ सगळी ऊर्जा परत आत फेकते. आवाज बाहेर जात नाही म्हणून आपण तळघर निवडतो, आणि नेमक्या त्याच गुणामुळे आत बास साचतो.

खोली स्वतःचे सूर कसे वाजवते

समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर एखाद्या सुराच्या अर्ध्या तरंगलांबीइतकं असेल, तर तो सूर त्या भिंतींमध्ये अडकतो. जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर बसून खोलीत काही ठिकाणी तो सूर फुगतो आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. याला रूम मोड म्हणतात. हिशोब सोपा आहे. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. ३४३ ला त्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा, पहिला मोड मिळेल. त्याची दुप्पट, तिप्पट केली की पुढचे मिळतात.

या लेखात एकच खोली धरून चालू: ५ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, २.२ मीटर उंच. लांबीचे मोड ३४, ६९, १०३ हर्ट्झ. रुंदीचे ४८, ९५, १४३. उंचीचे ७८ आणि १५६. बास गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे त्या वाद्याचा जवळजवळ सगळा खालचा पल्ला या आकड्यांच्या जाळ्यात येतो. एक स्वर फुगेल, त्याच्या शेजारचा बसेल. वादकाने दोन्ही सारख्याच जोराने छेडलेले असतील, तरीही.

दोन मापं सारखी असतील, किंवा एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असेल, तर मोड एकमेकांवर चढतात आणि त्रास वाढतो. ४.४ मीटर लांब आणि २.२ मीटर उंच खोलीत उंचीचा पहिला मोड आणि लांबीचा दुसरा मोड दोन्ही ७८ हर्ट्झला पडतात. तळघरात अजून काही बांधलेलं नसेल आणि पार्टिशन कुठे घालायची हे तुमच्या हातात असेल, तर ती अर्धा मीटर इकडेतिकडे सरकवून अशी जुळणी टाळता येते. त्याला काही खर्च येत नाही.

आपल्या उदाहरणातल्या आकाराच्या खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली मोड एकेक सुटे ऐकू येतात. त्यावर ते इतके दाट होतात की तिथे मोडपेक्षा भिंतीवरून येणारं थेट परावर्तन जास्त त्रास देतं. दोन प्रदेश, दोन वेगळे आजार. खालच्याला जाडी लागते, वरच्याला योग्य जागा लागते.

अडवणं वेगळं, सुधारणं वेगळं

भिंतीला लावलेला फोम, लोकरीचं (म्हणजे ग्लास वूल किंवा रॉक वूल या खनिज लोकरीचं) पॅनल किंवा गालिचा आवाज बाहेर जाण्यापासून अडवत नाही. अडवायला वजन लागतं, हवाबंदपणा लागतो, आणि दोन थरांमधला कडक सांधा तोडावा लागतो. वजन दुप्पट केलं की अडवणूक सिद्धांताप्रमाणे ६ डेसिबलने वाढते. पण भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का इतकी उघडी फट राहिली, तर भिंत कितीही भक्कम असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या आसपासच थांबते.

तळघरात भिंती आधीच भक्कम असतात. गळती होते ती छतातून वरच्या मजल्यावर, जिन्याच्या दारातून, आणि पाइप व हवेच्या डक्टच्या भोकांतून. म्हणून पोकळ दार काढून भरीव दार, चौकटीला चारही बाजूंनी रबरी पट्टी, दाराच्या तळाला बंद होताना खाली उतरणारं सील, आणि पाइपभोवती कायम मऊ राहणारा सीलंट एवढं आधी करा. छत लाकडी वाशांचं असेल तर वाशांमध्ये लोकर, खाली रबराच्या क्लिपांवर धातूचे चॅनल आणि त्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर, ही रचना चांगली चालते. आधीचं बंदिस्त छत तसंच ठेवून त्याखाली चार बोटांची पोकळी सोडून आणखी एक छत मात्र टांगू नका. दोन छतांमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते आणि खालच्या सुरांना अडवणं आधीपेक्षाही कमी होऊ शकतं.

एक इशारा. तळघरात गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर असेल तर त्याच्या हवेचा मार्ग कोणत्याही कारणाने बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही, त्यासाठी अलार्म लावा. हवाबंद खोलीत माणसाला ताजी हवाही लागते. आतून लोकर लावलेला, दोन वळणांचा डक्ट हवा आणतो आणि आवाज गिळतो.

ओल आधी, लोकर नंतर

काँक्रीट कोरडं दिसतं म्हणून कोरडं असतंच असं नाही. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा, रंगाचे पोपडे, कोपऱ्यात कुबट वास यांपैकी काहीही असेल तर पॅनलचं काम थांबवा.

तपासणी अशी करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा साधारण ४५ सेंटीमीटर बाजूचा तुकडा घ्या आणि चारही कडा टेपने पूर्ण बंद करून भिंतीला चिकटवा. असाच एक फरशीवरही लावा. किमान १६ तास, जमल्यास दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं किंवा त्याखालचं काँक्रीट काळपट झालं, तर ओल भिंतीतून येते आहे. त्याचा उपाय बाहेर आहे: छताचं पाणी वाहून नेणारे पन्हाळ, घराभोवतीच्या जमिनीचा उतार, निचरा. प्लास्टिकच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दव जमलं, तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर निवते आहे. तिथे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, उपयोगी पडतो. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, ६० च्या वर जाऊ देऊ नका. साधा आर्द्रतामापक खोलीत कायम असू द्या. तो गिटारच्या लाकडालाही कामाचा आहे.

लोकरीचं पॅनल भिंतीला अगदी टेकवून लावलं तर त्यामागची भिंत खोलीच्या उबेपासून तुटते आणि आणखी थंड होते. तिथे पाणी निवतं, हवा फिरत नाही, आणि काही महिन्यांत मागच्या कापडावर बुरशी धरते. ग्लास वूल किंवा रॉक वूल स्वतः बुरशीचं खाद्य नाही, पण त्यात बसलेली धूळ, सुती कापड आणि लाकूड नक्कीच आहे. शिवाय भिजलेली लोकर खाली बसते आणि चौकटीत वर पोकळी राहते.

म्हणून तळघरातलं प्रत्येक पॅनल भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर पुढे, वरून आणि खालून उघडं, आणि फरशीपासून निदान १० सेंटीमीटर वर हवं. हे अंतर आवाजाच्या दृष्टीनेही फायद्याचं आहे. भिंतीला अगदी लागून हवेचे कण हलू शकत नाहीत, तिथे फक्त दाब असतो. लोकर काम करते ती हलणाऱ्या हवेवर, घर्षणाने. कणांची हालचाल सर्वात जास्त असते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. पॅनल पुढे आलं की लोकर त्या जागेच्या जवळ पोचते आणि तितकीच लोकर आणखी खालच्या सुरांपर्यंत पकड घेते. एका पोकळीत दोन कामं होतात. तळघरात हा हिशोब आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

जाडीला पर्याय नाही

पाव तरंगलांबीचे आकडे डोळ्यांसमोर ठेवा. १००० हर्ट्झला ती साडेआठ सेंटीमीटर असते, १०० हर्ट्झला ८६ सेंटीमीटर. अडीच सेंटीमीटरचा फोम १०० हर्ट्झच्या लाटेच्या वाटेतही येत नाही. ५ सेंटीमीटरचं पॅनल साधारण ५०० हर्ट्झपासून वर नीट काम करतं. १० सेंटीमीटर लोकर आणि मागे १० सेंटीमीटर पोकळी असेल तर १५० ते २०० हर्ट्झपर्यंत उतरता येतं. त्याखाली जायचं तर कोपरे भरावे लागतात. पूर्ण पाव तरंगलांबी भरायची गरज नसते, पण जितकी जाडी तितकी खालची पकड.

घनतेबद्दल एक गैरसमज फार रुजलेला आहे: जितकी घट्ट लोकर तितकी चांगली. १० सेंटीमीटरच्या पॅनलसाठी घनमीटरला ४८ किलोच्या आसपासचा बोर्ड उत्तम असतो. तो स्वतःचा आकार धरून ठेवतो. पण ३० सेंटीमीटर किंवा त्याहून जाड भरायचं असेल तर हलकी, सैल लोकर जास्त खोल काम करते. घट्ट लोकरीत लाट आत शिरण्याआधीच पृष्ठभागावरून परत फिरते. थर्मोकोल आणि अंड्यांचे ट्रे कोणत्याही जाडीत निरुपयोगी आहेत.

आणि फोमबद्दल शेवटचं. ज्वालारोधक प्रक्रिया न केलेला पॉलियुरेथेन फोम अतिशय वेगाने पेटतो आणि त्याच्या धुरात सायनाइड असतं. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. २७ जानेवारी २०१३ ला ब्राझीलच्या सांता मारिया शहरात 'किस' नाइटक्लबमध्ये असाच फोम पेटून २४२ जण दगावले. तळघराला बहुधा बाहेर पडायचा एकच जिना असतो. खनिज लोकर जळत नाही. कापडही ज्वालारोधक घ्या आणि जिन्याच्या वाटेत पॅनल ठेवू नका.

बसायचं कुठे

एकही पॅनल बनवण्याआधी टेबल आणि स्पीकर जागेवर आणा. तोंड लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे मागची भिंत दूर राहते. डावी आणि उजवी बाजू सारखी हवी. एका बाजूला उघडा जिना आणि दुसऱ्या बाजूला काँक्रीट असेल तर मध्यभागी असलेला गायक एका कुशीला सरकलेला ऐकू येतो.

कान समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा. आपल्या खोलीत ते १.९ मीटर. अगदी मधोमध, म्हणजे अडीच मीटरवर, लांबीचा पहिला आणि तिसरा मोड दोन्ही शून्याला जातात, म्हणून ती जागा टाळायची. ३८ हा आकडा फक्त आरंभबिंदू आहे. नंतर मोजून दहावीस सेंटीमीटर मागेपुढे व्हायचं असतंच.

दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, इथे १.५ मीटरचा. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा स्पीकरचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर, साधारण १.२ मीटर. या मांडणीत स्पीकरचा पुढचा पृष्ठभाग समोरच्या भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर येतो. स्पीकरच्या मागे गेलेला बास भिंतीवर आपटून परत येतो आणि ज्या सुराची पाव तरंगलांबी या अंतराइतकी असते, तो सूर खोडतो. ३४३ भागिले २.४, म्हणजे १४३ हर्ट्झला खड्डा. स्पीकर भिंतीकडे सरकवला तर खड्डा वर जातो, जिथे १० सेंटीमीटरचं पॅनल त्याला पकडू शकतं. म्हणून छोट्या खोलीत स्पीकर भिंतीपासून मीटरभर दूर आणणं हे उपकारापेक्षा अपकारच जास्त करतं. जवळ न्या, मध्ये लोकर ठेवा, आणि बास वाढला तर स्पीकरच्या मागचा बास कमी करायचा स्विच वापरा.

कमी उंचीच्या छताचा त्रास दोन प्रकारचा आहे. २.२ मीटरच्या खोलीत १.२ मीटरवरचा कान उंचीच्या जवळजवळ मध्यावर येतो, म्हणजे ७८ हर्ट्झच्या मोडच्या शून्याजवळ. दुसरा त्रास परावर्तनाचा. स्पीकरपासून कानापर्यंत थेट मार्ग १.५ मीटर, छताला लागून येणारा मार्ग २.५ मीटर. मीटरभराचा फरक, साधारण ३ मिलिसेकंद. त्यामुळे १७० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो आणि मग ५१५, ८६० असे पडत जातात. आलेख कंगव्याच्या दात्यांसारखा दिसतो. याच कारणाने तळघरात छताचं पॅनल बाजूच्या भिंतींइतकंच महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक जण तेच सोडून देतात.

किती लोकर लागेल

हार्वर्डमधल्या एका व्याख्यान सभागृहात बोललेलं कळत नाही ही तक्रार सोडवायला वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून खुर्च्यांच्या गाद्या आतबाहेर नेऊन घुमण्याचा काळ मोजला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या पृष्ठभागाइतकं क्षेत्रफळ.

आपली खोली ३९.६ घनमीटरची. उघड्या काँक्रीटमध्ये एकूण शोषण जेमतेम ३ चौरसमीटर धरलं तर घुमणं दोन सेकंदांच्या वर जातं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा ऐकण्याच्या खोल्यांसाठीचा दस्तऐवज ०.२ ते ०.४ सेकंद सुचवतो. ०.३ धरलं तर २१ चौरसमीटर शोषण हवं. मुळातलं ३, आणि माणूस, सोफा, छोटा गालिचा मिळून साधारण २ ते ३. उरलेलं १५ ते १६ चौरसमीटर आपण बनवायचं:

- चार उभे कोपरे, प्रत्येकी १.७८: सुमारे ७.१
- बाजूच्या भिंतींवर दोन-दोन पॅनल, ६० बाय १२० सेंटीमीटर: २.९
- छताला त्याच मापाची चार: २.९
- मागच्या भिंतीला चार: २.९

एकूण १५.८. स्पीकरच्या मागची दोन यावर जादा. हे सूत्र आवाज सगळीकडे सारखा पसरलाय असं मानतं. छोट्या खोलीत २०० हर्ट्झखाली ते खरं नसतं, म्हणून बाससाठी या आकड्यावर विसंबू नका. तिथे मोजमापच खरं.

कोपरा भरणे

सगळ्या मोडचा दाब कोपऱ्यात एकत्र येतो, म्हणून पहिली लोकर तिथे. ६० बाय १२० सेंटीमीटरचा, ५ सेंटीमीटर जाडीचा बोर्ड मधोमध कापून दोन चौकोन करा, प्रत्येक चौकोन कर्णावर कापा. एका बोर्डाचे चार त्रिकोण होतात. लांब दातेरी सुरी, पाव कापायची असते तशी, सर्वात स्वच्छ कापते. हातमोजे, चष्मा, धूळरोधक मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

फरशीवर १० सेंटीमीटर उंचीचा स्टँड, त्यावर त्रिकोण एकावर एक. २.१ मीटर उंचीला ४२ त्रिकोण, म्हणजे कोपऱ्याला ११ बोर्ड. वजन सुमारे १८ किलो, त्यामुळे खालचे थर थोडे दबतात. एखादा बोर्ड जादा ठेवा. मध्यावर एक आडवी फळी टाकली तर दबणं कमी होतं. भिंत आणि लोकर यांमध्ये दोनतीन सेंटीमीटर राहील अशी प्लास्टिकची जाड जाळी आधी भिंतीला लावा. पुढे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड.

बाहेरच्या मातीला लागून असलेला कोपरा तळघरातली सर्वात थंड जागा. तो कोरडा असल्याची खात्री नसेल तर त्रिकोण भरू नका. त्याऐवजी २० सेंटीमीटर जाडीचं पॅनल कोपऱ्यात तिरपं उभं करा आणि मागची पोकळी वरखाली उघडी ठेवा. खालचा थोडा भाग गमवाल, पण हवा फिरेल आणि पॅनल काढून मागे बघता येईल. एखाद्या कोपऱ्यात दार असेल तर भिंत आणि छत जिथे मिळतात ती आडवी कड वापरा. उभ्या आणि आडव्या मिळून खोलीला बारा कडा असतात.

कोपऱ्यांमुळे खोली फार मंद वाटू लागली तर कापडाआड क्राफ्ट कागदाचा थर द्या. खालचे सूर तो पार करतात, वरचे परत येतात.

पॅनल बनवणे

१० सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर जाड लाकडी पट्टी घ्या. दोन तुकडे १२४ सेंटीमीटरचे, दोन ६० चे. लांब तुकडे बाहेरून येतील असं जोडा, प्रत्येक सांध्याला आधी भोक पाडून ५० मिलिमीटरचे दोन स्क्रू. आत ६० बाय १२० चा बोर्ड घट्ट बसतो. मागे पातळ न विणलेलं कापड, पुढे साधारण ९५ बाय १५५ सेंटीमीटरचं पॉलिएस्टर. कापड ओठांशी धरून फुंका. हवा सहज गेली पाहिजे. रेक्झिन, जाड पडद्याचं कापड चालणार नाही. स्टेपल मारताना आधी चार बाजूंचे मध्य, मग कोपऱ्यांकडे, नाहीतर विणीच्या रेषा वाकड्या होतात.

तयार पॅनल सात-साडेसात किलोचं होतं. काँक्रीटमध्ये हॅमर ड्रिलने ८ मिलिमीटरचं भोक, प्लग, आणि ५ सेंटीमीटर जाडीच्या दोन उभ्या पट्ट्या. पॅनल त्यांवर टांगायचं. उभ्या यासाठी की हवा खालून वर जाते. आडव्या पट्टीने वाट बंद होते.

बाजूच्या भिंतीवर जागा शोधायला आरसा पुरतो. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याने आरसा भिंतीला लावून कानाच्या उंचीवर सरकवायचा. आरशात ज्या ज्या जागी कुठलाही एक स्पीकर दिसेल, ती जागा झाकायची. दोन्ही स्पीकरच्या खुणा झाकायला एका बाजूला दोन पॅनल शेजारीशेजारी लागतात. छतावरही हेच करा; तिथे खूण स्पीकर आणि कान यांच्या मध्यावर येते, आपल्या खोलीत समोरच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर. प्रत्येक छत-पॅनलला चार हुक आणि चार साखळ्या लावा, शिवाय वेगळ्या बिंदूतून एक सुरक्षा तार. डोक्यावर टांगलेली वस्तू एका स्क्रूच्या भरवशावर ठेवू नये. वासे उघडे असतील तर वाशांमधली जागाच लोकरीने भरून खाली कापड ताणा. उंची वाचते आणि जाडीही जास्त मिळते.

मागची भिंत उदाहरणात कानापासून ३.१ मीटरवर आहे, म्हणून तिथून येणारा पहिला खड्डा २८ आणि दुसरा ८३ हर्ट्झच्या आसपास पडतो. तिथली पॅनल शक्य तितकी जाड करा, १५ सेंटीमीटर आणि तितकीच पोकळी. आवाज विखुरणारे लाकडी खाचांचे डिफ्यूझर छान दिसतात, पण नीट चालायला त्यांना ऐकणाऱ्यापासून बरंच अंतर लागतं. या आकाराच्या खोलीत ती जागा लोकरीला देणं अधिक शहाणपणाचं. फरशी कठीणच राहू द्या. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा फक्त वरचे सूर खातो, आणि तळघरात ओलही धरून ठेवतो.

मोजमाप

रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन फाइलसह (माइकची स्वतःची चूक सुधारणारी फाइल) येणारा सर्व दिशांनी ऐकणारा मोजमापाचा माइक एवढं पुरतं. माइक डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर, स्टँडवर, तुम्ही खोलीबाहेर. पातळी ७५ ते ८० डेसिबल. डावा, उजवा, मग दोन्ही, असे तीन वेगळे स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत जाणारे चाचणीचे सूर. कोपरे भरण्याआधी एकदा, प्रत्येक टप्प्यानंतर एकदा. डिह्युमिडिफायर आणि बॉयलर बंद असू द्या, नाहीतर ५० हर्ट्झच्या आसपास त्यांचाच आवाज मोजाल.

आलेखात आधी ३०० हर्ट्झखालचा भाग कमी स्मूदिंगवर (रेषा फारशी गुळगुळीत न करता) बघा, मग वॉटरफॉल, म्हणजे प्रत्येक सूर काळानुसार कसा विरतो ते दाखवणारा आलेख. पातळी सपाट होण्यापेक्षा सूर किती वेळ रेंगाळतो हे महत्त्वाचं. लोकर घातल्यावर ६९ हर्ट्झचा डोंगर तीन डेसिबलनेच उतरला पण शेपूट निम्मी झाली, तर तो मोठा विजय आहे. बासची दोन लागोपाठची स्ट्रोक आता वेगवेगळी ऐकू येतील. वरच्या सुरांसाठी परावर्तनाचा काळानुसार आलेख बघा: पहिल्या १५ मिलिसेकंदांत येणारं कुठलंही परावर्तन थेट आवाजापेक्षा किमान १० डेसिबल खाली हवं.

खड्डा ईक्यूने, म्हणजे ठरावीक सुरांची पातळी कमीजास्त करणाऱ्या साधनाने, भरू नका. तिथे दोन लाटा एकमेकींना खोडतात. एक वाढवली की दुसरीही वाढते. १० डेसिबल वाढवायला अॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती लागते आणि खड्डा तिथेच राहतो. खुर्ची किंवा स्पीकर १० सेंटीमीटर हलवून पुन्हा मोजा. उरलेले एकदोन डोंगर शेवटी ईक्यूने थोडे उतरवायला हरकत नाही.

गाणं रेकॉर्ड करताना

कोपऱ्यात लहान बंद खोपटं बांधू नका. दीड मीटरच्या खोपट्यात मोड ११४ हर्ट्झपासून सुरू होतात, म्हणजे बरोबर पुरुषी आवाजाच्या पल्ल्यात, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. त्याऐवजी गायकाला खोलीत, भिंतींपासून दूर पण बरोबर मध्यावर नाही, असं उभं करा. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, मागून फारसं ऐकत नाही. त्याच्या समोर गायक असतो आणि गायकाच्या मागे भिंत. म्हणून जाड पॅनल गायकाच्या पाठीमागे हवीत, दोन, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, पाऊण ते एक मीटरवर. माइकच्या मागे लावायचं अर्धगोल कवच त्या मानाने फार थोडं काम करतं. छताची उंची कमी असल्यामुळे डोक्यावर एक आडवं पॅनल आलं की आवाजातला खोलीचा वास जवळजवळ जातो. ही दोन उभी पॅनल पायांवर बनवा, म्हणजे मिक्स करताना तीच मागच्या भिंतीपाशी नेता येतात.